घोड्याची झापडं

शुक्रवार, १० फेब्रुवारी १९८९

कारखान्यातले लूम बंद, म्हणून आज लाकडी घोड्याचा साज पुरा केला. वीतभर घोडा, पण लगाम खऱ्या चामड्याचा, जुन्या चपलेच्या पट्ट्यातून कापलेला. खोगिराला जरीची किनार. आणि डोळ्यांवरची झापडं! नखाएवढी, पण काय बसली होती!

शेजारचे टांगेवाले युसूफचाचा बघायला आले. मी छाती फुगवून उभा. म्हणाले, "साज एक नंबर! पण शोकेसमधल्या घोड्याला झापडं कशाला? ट्रकला बुजणार काय हा?"

मला का नाही सुचलं? जन्मभर टांग्याचेच घोडे बघितले, दुसरं काय!

चाचांनी नखाने एक झापड उचललं आणि हसतच सुटले. "अरे, याला तर डोळेच नाय!"

खरंच. झापडाखाली कोण बघणार, म्हणून मी डोळे रंगवलेच नव्हते. मग बायकोने हसत हसत काडीने काजळाचे दोन डोळे काढले. एक जरा मोठाच झाला.

झापडं परत लावायला घेतली, पण ते डोळे झाकायला हात धजेना. एवढी मेहनत... जाऊ दे. डबीत ठेवली. जेवायला बसलो, तर तो मोठा डोळा सारखा माझ्या ताटावर.