तेलाचा खटका

मुरूम
पौष, संक्रांतीनंतर

प्रिय शरणू,

तुझं कळंबहून धाडलेलं पत्र पोचलं. एरवी मी मास्तराला बोलावते, तो वाचून दाखवतो आणि उत्तरही तोच लिहितो. माझ्या चार शिव्या गाळून त्या जागी चार आशीर्वाद घालतो, हे मला ठाऊक आहे. ह्या खेपेला त्याला बोलावलं न्हाय. का, ते पुढं कळेल. अक्षर कोंबडीनं उकरल्यागत दिसेल, पण तू लहान असताना पाटी घेऊन ही मराठी अक्षरं तूच मला गिरवायला लावलीस, तेव्हा तक्रार स्वतःकडंच कर. मठात मला कानडी मुळाक्षरं तेवढी शिकवली होती, ती पुरी व्हायच्या आत लग्न झालं. एकच सांगणं आहे. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कळंबच्या कापसाच्या जिनात एक खिळासुद्धा ठोकू नकोस.

तू लिहितोस की कळंबच्या शेटनी विजेचं काम तुझ्याच हाती दिलं आणि तिथं तू उघडे खटके बसवणार, तेलाचे न्हाय. आपल्या जिनात जे झालं त्यावरनं तुझी खात्री पटली म्हणे, की कापसाच्या जागी तेल टिकत न्हाय. मास्तर नव्हता म्हणून ही ओळ मी बोट ठेवून वाचली. वाचून झाल्यावर बोट तिथनं उचलेना. चुलीवरचं दूध उतू गेलं ते शेजारणीनं येऊन सांगितलं.

आधी इथली खबर. जिन परत सुरू झालंय. जळालेली मोटार काढून तुझ्या मामानं इंजिनाचा पट्टा लावला, दिवसभर फटफट ऐकून डोकं उठतं. धुरपताबाईच्या उजव्या हाताला नवी साल धरलीय, डावा तळवा अजून ओला आहे. तिला बघून यायची मला सवय झालीय. येळवशीच्या अवसेला रानात जेवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं सगळं परत परत डोळ्यांपुढं येतं. आंबिल पिऊन सुस्तावलेली माणसं कामावर आली होती, रुळात ओला कापूस अडकला, मोटार फिरायची थांबली आणि नुसती घुमायला लागली. अशा वेळी खटका पडायला पाहिजे होता. न्हाय पडला. मोटारीतनं जाळ निघाला, रुईनं पेट घेतला, आणि धुरपताबाई दोन्ही हातांनी पेटता कापूस बाहेर ओढत राहिली, कारण पलीकडं इरम्मा होती आणि तिला पोटामुळं उठता येत नव्हतं. इरम्मा बाळंत झाली, मुलगी आहे, धडधाकट आहे.

तुला आठवतं का, गेल्या उन्हाळ्यात ओट्यावर बसून तू मला तीन तऱ्हा समजावल्या होत्यास? मामाला न्हाय, मला, कारण मामा दुसऱ्याचं ऐकताना मनात स्वतःचं उत्तर जुळवत असतो. इंजिन लांबच्या खोलीत ठेवायचं, तिथं वीज करायची आणि जिनाला विजेची मोटार लावायची, म्हणजे इंजिनाची ठिणगी कापसाजवळ येणार न्हाय, हा बेत तुझाच. पण मोटार अडली आणि जादा वीज ओढायला लागली तर ती तोडणारं काही तरी पाहिजे, असं तू म्हणालास. पहिली तऱ्हा फ्यूजची. बारीक तार, वीज वाढली की वितळते, स्वतः मरते आणि मोटार वाचवते. स्वस्त आणि साधी. पण भर हंगामात सारखी तार कोण बांधत बसणार? मामासारखा माणूस वैतागला की खिळ्याएवढी जाड तार बांधतो, मग तार मरत न्हाय, मोटार मरते. दुसरा उघडा खटका. वीज वाढली की आपसूक खाडकन पडतो, वर केला की परत काम चालू. काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं, दुरुस्तीला सोपा. सोलापूरच्या गिरणीत, झाडलेल्या बंद खोलीत, त्याच्यासारखा गुणी दुसरा न्हाय. पण पडताना तो ठिणगीची निळी जीभ बाहेर काढतो. आपल्या जिनात तर हवेतच कापूस, संध्याकाळी बायका बाहेर पडतात तेव्हा तरण्या पोरींच्यासुद्धा भुवया पांढऱ्या. तिथं ती जीभ काय करेल, हे सांगायला मला शाळेत जायची गरज नव्हती.

तिसरा तेलाचा. लोखंडी पेटीत तेल, आणि त्याच्या तांब्याच्या जिभा त्या तेलाखाली बुडालेल्या. त्या एकमेकींपासून सुटल्या की ठिणगी तेलातच गुदमरते, बाहेर कापसाला पत्ताही लागत न्हाय. मी म्हणाले, मेल्या, तेलानं कधी जाळ विझलाय व्हय? तू काडी ओढलीस आणि वाटीतल्या त्या पाण्यासारख्या तेलात बुडवलीस. विझली. मी तोंडात बोट घातलं. ह्याचं दुखणंही तू लपवलं न्हायस. जड आहे, महाग आहे आणि ह्याला लेकरासारखं जपावं लागतं. पाण्याचा थेंब चालत न्हाय, धूळ चालत न्हाय, काळं पडलं की बदलायचं. तू बजावलंस, बाजूच्या काचेवर रेघ आहे, तेल तिच्या खाली गेलं तर जिन थांबवा, मला कळवा, दुसरं काही करू नका. मी मान हलवली. मान हलवायला काय जातंय? मामा उघड्याच्या बाजूचा होता. मी म्हणाले, तेलाचाच बसेल, आणि माझ्या शब्दावर तो बसला. पुढं सगळ्या बाजारात मिरवले, आमच्या शरणूची पेटी, ठिणगी गिळणारी.

भादव्यात तेल रेघेखाली बोटभर उतरलेलं दिसलं. तू डबा पाठवलास, तो सरहद्दीवर करोडगिरीच्या जकातनाक्यावर अडकला. लढाईचे दिवस, रॉकेलवर कंट्रोल. नाक्यावरच्या दरोग्याला ते रॉकेलच वाटलं, मामानं दोनदा जाऊन हात जोडले तरी तो हालेना. कापूस यायला अवकाश होता, जिन बंदच होतं, म्हणून कुणी घाई केली न्हाय. मग खंडेनवमी आली. तुला माहीत आहे, त्या दिवशी आपल्याकडं इंजिनापासून विळीपर्यंत सगळ्यांना आंघोळ असते. मी मोटारीला हार घातला, तराजूला घातला, पेटीवर विभूतीची तीन बोटं ओढली, आणि ओढता ओढता काचेकडं नजर गेली. आपल्या घरात सणाच्या दिवशी समई अर्धी ठेवत न्हाईत. मी आत गेले, घाण्यावरनं नुकतंच आलेलं करडीचं तेल बुधलीत घेतलं, पेटीचं बूच फिरवलं आणि रेघेपर्यंत भरलं. देवापुढं जळतं तेच तेल. वाटलं, तुझ्या त्या सोलापूरच्या बेचव, पाण्यासारख्या तेलाला जरा सत्त्व येईल. हात जोडले. कुणाला बोलले न्हाय, कारण सांगण्यासारखं काही केलंय असं वाटलंच न्हाय.

आता तू कपाळाला हात लावला असशील. थांब, अजून वाईट पुढं आहे.

आग विझल्यावर दुसऱ्या दिवशी इंजिनवाल्या बिराप्पानं पेटी उतरवून अंगणात ठेवली. मी आत बोट घातलं. बोट चिकटलं. वास घेतला आणि माझ्या बापाचं जळकोटचं अंगण समोर उभं राहिलं. तिथं करडीचं तेल कढवून कढवून रोगण करायचे, मोटेच्या चामड्याला लावायला. दोन चामडी लागली तर अशी चिकटायची की सुटता सुटायची न्हाईत. पोरवयात ते रोगण मीच ढवळायचे, हाताला फोड येईपर्यंत. सगळ्या मुरूमात कुणाला ठाऊक नसेल, पण मला ठाऊक होतं की करडीचं तेल तापलं की त्याचा डिंक होतो. हंगामभर वीज त्याला आतनं कढवत होती आणि मी बाहेरनं रोज नमस्कार करत होते. जिभा डिंकात चिकटल्या, म्हणून खटका पडला न्हाय.

तू आलास तेव्हा ती पेटी राखेनं घासून, सोड्यानं धुऊन उन्हात पालथी घातलेली होती. घाण वास मारत होती म्हणून धुतली, असं मी आल्यागेल्याला सांगत होते. तू वाकून आत बघितलंस आणि मला विचारलंस, अज्जी, ह्यात कुणी काही घातलं होतं का? मी म्हणाले, त्या डब्यात हात घालायची कुणाला हौस आलीय? माझ्या शब्दापुढं तपास थांबवलास. तेवढ्यात मामा सगळ्या अंगणादेखत बोलला, का हो भाचेसाहेब, सोलापुरात नक्की विजेचं काम करता का नळाचं? लोक हसले. धुरपताबाईच्या लेकानं, धोंडीबानं तर तुझ्या आईचा उद्धार केला, आणि तुझी आई म्हणजे माझी लेक. तू खाली मान घालून म्हणालास, चूक माझी, झाकणातनं कापूस आत जाणार हे मला कळायला पाहिजे होतं. मी तराजूजवळ उभी होते. बाजारात भाजीवाल्या ज्या जिभेला भितात, ती त्या दिवशी हालली न्हाय. जेवायलाही न थांबता तू गेलास. तुझ्यासाठी केलेली शेंगापोळी मी म्हशीला घातली, मला ती खाववेना.

तुझं पत्र आलं तेव्हा मात्र उठले आणि आधी धुरपताबाईकडं गेले. सगळं सांगितलं. ती हात पुढं धरून बसली होती, ऐकून घेतलं आणि म्हणाली, मालकीणबाई, म्या रोज तुमच्या नातवाला तळतळाट देत होते, आता ते माघारी कसे घेऊ? मग म्हणाली, आला आहात तर पिठात हात घाला, घरातली माणसं उपाशी आहेत. तेव्हापास्नं सकाळच्या भाकरी तिच्या चुलीवर मी थापते. ती भिंतीला टेकून नावं ठेवते, कड जाड झाली, मधी कच्ची राहिली, सुनांना बोलायला बरं येतंय तुम्हाला. धोंडीबा माझ्याकडं बघत न्हाय, भाकरी मात्र खातो. मग मामाला सांगितलं. त्यानं उठून आधी दार लावलं. मग म्हणाला, अव्वा, हे घराबाहेर जाऊ देऊ नको, आपली अब्रू जाईल. मी म्हणाले, तीच तर इतके दिवस राखली मी, पोराची घालवून.

आता हे पत्र कशाला, ते. माफीसाठी न्हाय. माफ करायचं का न्हाय ते तुझं तू बघ, मला त्याची घाई न्हाय. घाई कळंबच्या बायकांची आहे. त्यांच्याही भुवया संध्याकाळी पांढऱ्या होत असतील, आणि त्यांच्या डोक्यावर तू निळी जीभ काढणारा खटका टांगायला निघालास, माझ्या खोट्यावर विसंबून. तुझा हिशेब चुकला न्हाय, बाबा. पेटी धुतली तेव्हा मी तुझी अक्कल धुऊन टाकली. तुझं तेल टिकलं असतं. पेटीतली एक तांब्याची जीभ निखळून पडली होती, ती मी घासली न्हाय. विसरले का हात झाला न्हाय, हे माझं मलाच सांगता येत न्हाय. ती फडक्यात बांधून ह्या पत्राबरोबर धाडलीय, आणि आणून देणारा धोंडीबाच आहे, त्याला आधी पाणी दे. ती जीभ हुंग, डिंक नखानं खरवडून बघ, शेटला बघायला दे. मग हे पत्र त्यांच्या अंगणात सगळ्यांदेखत वाच, मामा जेवढ्या मोठ्यानं बोलला तेवढ्या मोठ्यानं. माझं नाव गाळू नकोस. आणि तेलाचेच बसव. बुचाला कुलूप घाल, किल्ली तुझ्याकडं ठेव, पेटीवर मराठीत, कानडीत, उर्दूत रंगवून घे की ह्यात घरचं तेल घालू नये. ज्यांना वाचता येत न्हाय त्यांच्यासाठी खाली एक म्हातारी काढ, हातात बुधली घेतलेली, आणि तिच्यावर मोठी फुली मार. नाक माझ्यासारखंच काढायला सांग, म्हणजे मुरूमचं माणूस कळंबला गेलं तर ओळखेल.

तुझीच,
नागम्मा अज्जी