मापाड्याइतकं धैर्य

३ फेब्रुवारी, मंगळवार
ती जुनी जाड कादंबरी पुन्हा काढली. बाजारातला मापाडी भर सभेत उठतो आणि म्हणतो, "तराजू खोटा आहे. मीच तोलतो, मला माहीत आहे." समोर मालक बसलेला. नोकरी जाणार हे ठाऊक, तरी उठतो. अंगावर काटा आला. हा तर मीच! फक्त मला अजून प्रसंग मिळालेला नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
प्रसंग मिळाला.
दुपारी कॅटलॉगची कार्डं घेऊन नकाशांच्या खोलीकडे गेलो. दार अर्धवट उघडं. आमचे ग्रंथपालसाहेब दीडशे वर्षं जुन्या नकाशासंग्रहावर कॉफीचा मग ठेवून फोनवर बोलत होते. हातवारे करायची सवय. हात लागून कॉफीचा मग आडवा, सगळी कॉफी नकाशांवर. साहेबांनी रुमालाने पुसलं, संग्रह मिटला आणि शेजारच्या खोलीत बाइंडरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.
मी मागच्या मागे सटकलो. घाबरून नाही. साक्षीदाराने तटस्थ असावं.

६ फेब्रुवारी
बाइंडरबाईंना नोटीस. निष्काळजीपणा म्हणे! एकवीस वर्षं इथली फाटकी पुस्तकं शिवतायत त्या. कामाशिवाय माझ्याशी बोलणारं या इमारतीत तेवढं एकच माणूस. दुपारचा डबाही मी त्यांच्याच खोलीत खातो. तिथे ऊन छान येतं म्हणून.
निश्चय: सोमवारी साहेबांच्या तोंडावर सांगणार.

८ फेब्रुवारी, रविवार
ताईचा फोन. दर रविवारी येतो, सात मिनिटं. मापाड्याची गोष्ट सांगितली, मग बाईंची. ताई म्हणाली, "मग तू सांगितलंस का साहेबांना?" म्हटलं, "अगं, धैर्याला तयारी लागते." म्हणाली, "बरं. माझी भाजी लागतेय खाली." ठेवला.
आरशासमोर सराव केला. आवाज चांगला लागला. शेजाऱ्याने भिंत ठोकली.

९ फेब्रुवारी
सकाळी केबिनपर्यंत गेलो. साहेब नाश्ता करत होते. खाणाऱ्या माणसाला टाकून बोलू नये.
संध्याकाळी पुन्हा गेलो. साहेबांनीच विचारलं, "काय हवंय?" स्टेपलर मागितला. चांगला निघाला.

१० फेब्रुवारी
बाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "मी तो संग्रह हातातसुद्धा घेतला नव्हता हो." मी म्हणालो, "असेल, असेल." त्या 'असेल'मध्ये माझा पूर्ण पाठिंबा होता. त्यांना कळला असावा.
निश्चयात दुरुस्ती: बंद केबिनमध्ये बोलणं हा भेकडपणा. मापाडी सभेत बोलला होता. गुरुवारी स्टाफ मीटिंग आहे.

११ फेब्रुवारी
निनावी पत्र लिहून पाहिलं. तीन मसुदे. शुद्धलेखन निर्दोष. मग लक्षात आलं, या इमारतीत इतकं शुद्ध मी एकटाच लिहितो. फाडलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
मीटिंग. साहेबांनी नकाशांचा विषय काढला आणि विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?"
मी उठलो. खरंच उठलो! खुर्ची करकरली, सगळे वळले, बाईंनीही पाहिलं. साहेब म्हणाले, "बोला."
मी म्हणालो, "वाचनकक्षातला पंखा फार खडखडतो."
साहेबांनी लिहून घेतलं. बसलो तेव्हा पाय लटपटत होते. मापाड्याचेही लटपटले होते, पान दोनशे बारा.

१३ फेब्रुवारी
पंखा दुरुस्त. म्हणजे माझ्या शब्दाला किंमत आहे. आता मोठ्या विषयाला हात घालायला हरकत नाही. पुढच्या महिन्याची मीटिंग. नक्की.

१६ फेब्रुवारी, सोमवार
बाईंचा आज शेवटचा दिवस निघाला. सूचनाफलकावर शुक्रवारपासून लागलं होतं म्हणतात. मी तिकडे बघतच नव्हतो.
खोलीत गेलो. त्या दाभण, कात्री, सुया पिशवीत भरत होत्या. म्हणालो, "बाई, मला जर काही माहीत असतं ना, तर..."
त्या म्हणाल्या, "तुम्ही दाराशी होतात. कार्डं घेऊन. मी जिन्यावरून पाहिलं."
मी टेबलावरचं दोऱ्याचं रीळ उचलून त्यांच्या पिशवीत टाकलं.
"साहेबांचंच काम आहे हे मी चौकशीत सांगितलं. चौकशी करणाऱ्यांनी विचारलं, कोणी पाहिलंय का? मी नाही म्हणाले. तुम्हाला सांगायचं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत. माझी मुलगी तरी आहे. तुम्ही एकटे. या नोकरीशिवाय तुम्हाला आहे काय?"
चिडून बोलल्या असत्या तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.
पिशवी जड होती. बसस्टॉपपर्यंत मी धरली. बस आली. त्या म्हणाल्या, "येते." मी म्हणालो, "थँक यू."
बस गेली तरी तिथेच उभा होतो. स्टॉपवरच्या पेपरवाल्याने विचारलं, "कोणाची वाट बघताय का?"
म्हटलं, "नाही. कोणाची नाही."