एका डिस्कवर अख्खं लग्न

आई, जमलं. तीन तास दहा मिनिटांचं लग्न मी एका डिस्कवर बसवलं आणि त्यातलं एकही माणूस कापलं नाही. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून तुला लिहायला बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बसवलंस तर बसवलंस, त्यात एवढं नाचायचं काय?" आणि मग शेजारच्या काकूंना दोनदा जाऊन सांगून आली असतीस. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी उल्हासनगरात व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान टाकलं तेव्हा तू नाक मुरडलं होतंस. लोकांची लग्नं कापत बसायचं हा काय धंदा आहे का, असं तुझं म्हणणं होतं. तू स्वतः बदलापूरपासून अंबरनाथपर्यंत लोकांच्या लग्नात स्वयंपाक करत आणि पंगती वाढत फिरायचीस, ते मात्र तुझ्या लेखी खरं काम होतं.

गेल्या महिन्यात पालेगावची एक सून दुकानात आली. तिच्या नणंदेच्या लग्नाची जुनी कॅसेट कुणीतरी कॉम्प्युटरवर घेऊन दिली होती, ती फाइल तिने आणली होती. "ताई, सासूबाईंचा उजवा हात गेलाय," ती म्हणाली. "दिवसभर त्या एकट्याच असतात. एका दुकानातून दोन सीडी करून घेतल्या, पण पहिली संपली की दुसरी घालणार कोण? मी कामावरून येते तेव्हा टीव्हीवर नुसता निळा पडदा असतो आणि त्या त्याच्याकडे बघत बसलेल्या असतात." पहिल्या डिस्कवर लग्न लागत होतं. पंगत आणि पाठवणी दुसरीवर. म्हणजे म्हातारीची लेक रोज बोहल्यावर चढायची आणि सासरी काही जायची नाही. सगळं एकाच डिस्कवर पाहिजे होतं. टीव्ही आणि प्लेअर दोन्ही जुने, त्यांना पेनड्राइव्ह ठाऊक नाही, आणि नवीन वस्तूला म्हातारी हात लावत नाही. डाव्या हाताने एकच बटण दाबायचं, एवढंच तिला जमतं.

फाइल होती नऊ जीबीच्या घरात आणि डिस्कवर पुरते साडेचारसुद्धा मावत नाहीत. मोठ्या मापाची डिस्क मिळते, ती तो प्लेअर वाचेना. मला कोऱ्या डिस्क देणारा सिंधी शेठ तर हसलाच. "दीदी, काट दो ना! आहेर पूरा एक घंटा है. कौन देखता है? सबका थोबडा एक जैसा." मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, "बाकी काय करायचं ते करा, पण आहेर नका कापू. त्या एकेकाशी नाव घेऊन बोलतात."

मग मी माझ्या सगळ्या युक्त्या काढल्या. आवाज न दाबता तसाच ठेवलेला होता, त्या एकट्यानेच दोन जीबी अडवले होते. तो आवळला, ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. जुन्या कॅसेटच्या खालच्या काठाला एक रेघ सारखी वळवळत असते आणि फुकट जागा खाते, तिच्यावर काळी पट्टी टाकली. फिरणारी बदामं, चमचमणारी अक्षरं, फाइल करणाऱ्याने हौसेने घातलेलं ते सगळं काढून टाकलं. वाटलं, झालं. घाईघाईने एका फेरीत सगळं दाबून टाकलं. आणि काय, लग्नघर, हळद, मंगलाष्टका एकदम झक्कास, आणि शेवटची पाठवणी डिस्कच्या बाहेर! सुरुवातीच्या नाचगाण्याने आणि अक्षतांनी सगळी जागा खाल्ली होती. अक्षता दिसायला चिमूटभर, पण हवेतला दाणा न् दाणा दाखवायचा म्हणजे जागा फार लागते. बावीस वर्षं या धंद्यात काढून मी ही चूक केली, याचा मला असा राग आला की दोन गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसले.

शेवटी दुपारी शटर अर्धं ओढलं आणि अख्खं लग्न पहिल्यापासून बघायला बसले. लोकांची लग्नं आम्ही पुढे ढकलत ढकलतच बघतो. हे मात्र मी न ढकलता बघितलं, तीन तास दहा मिनिटं. आणि दोन तास चाळीस मिनिटांनी पंगत आली, आणि पंगतीत तू आलीस.

पदर खोचलेला, केसांना चापून बसवलेला तो काळा चाप, आणि हात रिकामे. पानं मांडलेली आहेत, लोक बसलेत, आणि तू दोन्ही हात मोकळे ठेवून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चालत जातेस. कुणाशी बोलत नाहीस. शेवटी थांबतेस, मागे वळून बघतेस, मग आत जाऊन शिऱ्याचं पातेलं घेऊन येतेस. मी किंचाळलेच. मग रडले, आणि मग हसले, कारण माझं उत्तर तू एक शब्दही न बोलता देऊन गेली होतीस.

तुला चामटोलीचा मांडव आठवतो? मी अकरा वर्षांची आहे, पहिल्यांदाच पातेलं माझ्या हातात दिलंस. समोर बसलेली माणसं "घाल बाळा, घाल" म्हणतात आणि मी डाव भरभरून घालते, कौतुक होतंय म्हणून आणखी घालते. टोकाला भांडी घासणाऱ्या बाया बसल्या होत्या. तिथे पोचेपर्यंत पातेल्यात खरवड उरली. तू सगळ्यांदेखत पातेलं माझ्या हातातून काढून घेतलंस आणि म्हणालीस, "आधी रिकाम्या हातानं फिरून यायचं. शेवटी कोण बसलंय ते बघायचं, मग पहिल्याला वाढायचं." त्या दिवशी तू तुझा आणि माझा वाटा त्या बायांना दिलास. मला शिरा मिळाला नाही, आणि नंतरही कधी तू पंगतीत मला इतरांपेक्षा जास्त वाढलं नाहीस. एकदा मी ताट पुढे केलं, तर म्हणालीस, "वाढणारीच्या पोरीला जास्त गेलं की लोकांच्या लगेच नजरेत येतं." फार राग यायचा तुझा.

तर, मशीनलाही दोन फेऱ्या मारता येतात. पहिल्या फेरीत ते नुसतं बघतं, कुठे गर्दी आहे, कुठे माणूस स्वस्थ उभा आहे. दुसऱ्या फेरीत जागा वाटून देतं. आहेर द्यायला उभी असलेली माणसं हलत नाहीत, त्यांना थोडक्यात भागतं. तिथलं वाचलेलं अक्षतांना जातं. पाठवणीच्या वाटचं आधीच बाजूला काढलेलं असतं. हे मला येत होतं गं, पण हल्ली सगळे मोबाइलवर रील मागतात, मोजून वाटायची सवयच गेली होती.

डिस्क घेऊन मी स्वतः पालेगावला गेले. समोर नव्या इमारतींचे खांब उभे राहिलेत, त्यांच्याकडे पाठ करून म्हातारी बसली होती. तिने डाव्या हाताने बटण दाबलं. आहेर सुरू झाला आणि ती बोलायला लागली. "ह्यो माजा भाऊस. गेला. ही नणंद, लय भांडली माज्यासंगं." एकही थोबाड तिला दुसऱ्यासारखं दिसलं नाही. शेठला मुद्दाम न्यायला हवं होतं! मग पंगत आली. ती पुढे वाकली. "ही बाय बदलापूरची. हिनं शेवटच्या पानापर्यंत शिरा पुरवला व्हता." सून म्हणाली, "ताई, इथे कसं एकदम लख्ख आलंय! बांगडीसुद्धा दिसते." मी म्हटलं, "कॅसेटच तिथे चांगली होती." मग पाठवणी आली, लेक गाडीत बसली, गाडी वळली, आणि डिस्क बरोबर तिथे संपली. म्हातारीने डाव्या हाताने डोळे पुसले आणि म्हणाली, "गेली बाय सासरी." एवढ्या वर्षांत माझ्या कामाला अशी पावती मिळाली नव्हती.

हे पत्र पाठवायचं कुठे, म्हणून त्या डिस्कची एक प्रत मी ठेवून घेतलीय, तिच्याच कव्हरात घडी करून घालते. फक्त एक कबूल करते. कॅसेट तिथे चांगली नव्हती. एखादा तुकडा निवडून त्याला जास्त जागा द्यायची सोय असते. पंगतीची ती चाळीस सेकंदं मी निवडली आणि आहेरातल्या सगळ्यांच्या पानातलं चिमूट चिमूट काढून तुला वाढलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, आई. तू मात्र ओरडली असतीस.