तिरपी अक्षरं

प्रिय खारूताई,

हे पत्र तुझा संगणक तुला वाचून दाखवेल, त्याच्या त्या सर्दी झालेल्या आवाजात. म्हणून जे सांगायचं ते सगळं शब्दांतच लिहितोय. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते आणि वर पोचली की मलाच विचारते, धाप का लागली म्हणून. तुझी खोली तिने परवा आवरली. टेबल मात्र मी हलवू दिलं नाही. आलीस तर ठेच लागायला नको.

तू चौथीत होतीस तेव्हा मी रुग्णालयांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीचं माहितीपुस्तक लिहीत होतो, आठवतं? पहिल्याच पानावर खुणांचा खुलासा होता. ठळक अक्षरं जशीच्या तशी टाइप करायची. तिरपी अक्षरं म्हणजे नुसता नमुना, त्यांच्या जागी आपलं घालायचं. तुला ते भारी आवडलं. आईने स्वयंपाकघरातल्या फळ्यावर 'रात्री कोबी' लिहिलं की तू कोबी पुसायचीस आणि पुन्हा तिरपा लिहायचीस. आई म्हणायची, बापाने पोरीला दुसरं काही शिकवलं नाही, हे मात्र बरोब्बर शिकवलं.

मग तुझी दृष्टी गेली. डॉक्टरांनी हात टेकले. मी नोकरी सोडून घरी बसलो आणि तुला सगळं वाचून दाखवू लागलो. पाण्याचा पेला पुढे करायचो, खुर्ची सरकवायचो, तू वाक्य सुरू केलंस की मीच पुरं करायचो. तुझा जीव गुदमरतोय हे मला कळत होतं, पण हात आवरत नव्हता. शेवटी एके सकाळी तू म्हणालीस, "बाबा, तू माझे डोळे व्हायला निघालास. मग मी काय व्हायचं?" तू बॅग भरलीस, तीही स्वतःच.

तिकडे रुग्णालयात नोंदी ठेवायची नोकरी लागल्यावर फोनवर तुझं एकच, सगळं मजेत. गेल्या महिन्यात तुझ्या साहेबांचा फोन आला. त्यांच्याकडे अजून माझंच पुस्तक वापरतात, आणि त्यावरचं आडनाव पाहून त्यांनी बिचकतच विचारलं, तुम्ही तिचे कोण? मग सगळं कळलं. नोंदी पुसायच्या आज्ञेपुढे मी ४०१ हा आकडा छापला होता, तिरपा, नमुना म्हणून. अक्षर तिरपं आहे हे तो आवाज सांगत नाही. तू ऐकलंस 'पुसा ४०१' आणि तेच टाइप केलंस. तुमच्याकडे चारशे एक नंबरचा वॉर्ड खरोखरच होता. नोंदी दुसऱ्या प्रतीवरून परत मिळाल्या, पण तोवर परिचारिका आजाऱ्यांना तेच तेच प्रश्न विचारत फिरल्या, आणि तुला तिथून उठवून फोन घ्यायला बसवलं. घोटाळा कशाने झाला ते तू कुणाला सांगितलं नाहीस. पुस्तक कुणाचं ते तुला ठाऊक होतं. पोरी, मला सांभाळायची काय गरज होती?

साहेबांना मी सगळं समजावलं. पुस्तक आता नव्याने लिहितोय. 'इथे तुमच्या वॉर्डचा नंबर घाला' असं सरळ शब्दांत. वाचायला कंटाळवाणं आहे, ऐकायला सोपं. ते तपासायचं काम साहेब तुला देऊ म्हणतात. घ्यायचं की नाही ते तू ठरव. मी मध्ये बोलणार नाही.

पण हे सगळं तुला साहेबांनीही सांगितलं असतं. मी लिहितोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. साहेबांना भेटायला मी तिथे आलो होतो. तू खिडकीपाशी बसली होतीस. केस कापलेस, छान दिसतात. फोनवर कुणा म्हाताऱ्याला लिफ्टपर्यंतचा रस्ता सांगत होतीस, न चुकता, हसत. मी चार हातांवर उभा होतो. फोन ठेवून तू मान वळवलीस आणि विचारलंस, "कोण आहे?" वाटलं, बोललो तर पुन्हा तुझी खुर्ची सरकवायला लागेन. तू पुन्हा विचारलंस, आणि मी पाय न वाजवता निघून आलो. जिना उतरताना कळलं, तुला दिसत नाही याचा फायदा तुझ्या बापानेच घेतला. तुझा आवाज तेव्हा थोडा घाबरला होता. तो अजून कानात आहे. खारूताई, तो मी होतो.

तुझाच,
बाबा