तुझ्या-माझ्या पांढऱ्या पेशी

माय, तुझ्या नातीच्या मानेवर बेंड आलं आहे. नेमकं तुला आलं होतं तिथंच, केसांच्या खाली. सतरा वर्षांची आहे, तुझ्यासारखीच हट्टी. परवा आरशासमोर मान वाकडी करून म्हणाली, "मम्मी, दाबून दे ना, लई दुखून राहिलं." मी खेकसलेच, "हात लावशील तर याद राख!" तिनं मान सरळ केली. "फोडच आहे ना मम्मी, एवढं काय टेन्शन घेऊन राहिली?" तासाभरात तिला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, पू तपासायला गेला आहे, ताप नाही. सगळं ठीक आहे असं सगळे म्हणतात. मला मात्र भीती वाटते.

खापरखेड्याच्या कॉलनीतलं ते स्वयंपाकघर डोळ्यांसमोरून हलत नाही. बाबा वीजकेंद्रात ड्यूटीवर गेले आहेत. कळमन्याच्या बाजारातून आणलेल्या आंब्याची पेटी कोपऱ्यात आहे. तू पाटावर पाठमोरी बसली आहेस, मानेवर कणीक-हळदीचं पोटीस. "आंबे बाधले, दुसरं काय," तू म्हणतेस. मी बारा वर्षांची. "दाब वं, पिकलं ते. काहून भेऊन राहिली? पोरीच्या जातीनं इतकं भेऊ नाही." मी डोळे मिटून दोन्ही अंगठ्यांनी दाबते. तू कळवळतेस, मग हसतेस आणि मला एक आंबा देतेस. तिसऱ्या दिवशी तू तापानं फणफणलीस, खोकल्यातून रक्त पडलं. पाचव्या दिवशी तू नव्हतीस. मला कोणी काही बोललं नाही. मोठी आत्या तेवढी म्हणाली, "कच्चं बेंड दाबाचं नसते." ते वाक्य मी तीस वर्षं उरावर घेऊन फिरते आहे.

म्हणूनच असेल, नोकरी धरली ती याच जंतूंच्या मागे. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. बेंडातला जंतू एक विष सोडतो, ते आम्ही तपासतो. जंतू मारायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, आणि हे विष नेमकं त्याच पेशींना धरतं. पेशीच्या अंगावर ठरावीक जागा असतात. विषाचा एक तुकडा तिथं बसतो, दुसऱ्याला ओढून घेतो, असे सगळे मिळून कडं करतात आणि पेशीला भोक पाडतात. पेशी फुगते आणि फुटते. उंदराच्या पेशींवर ते जवळजवळ बसतच नाही. कुहीच्या शेताच्या बांधावरचं कुसळ तुझ्या पातळाला धरायचं, स्टीलच्या डब्याला धरायचं नाही, तसं. म्हणून माणसाचंच रक्त लागतं. आमच्याकडे रिवाज असा की दर मंगळवारी आपल्यातल्याच चार-पाच जणांनी हात पुढे करायचा. नळीवर नाव नसतं, ज्याचा त्याचा ठरलेला आकडा असतो, कोणाचं रक्त ते कोणाला कळू नये म्हणून. आता आकडे लिहिणारी मीच, तर माझ्यापासून काय लपणार, कप्पाळ!

गेल्या महिन्यात नऊ नंबरच्या पेशी सगळ्यांत आधी फुटल्या. फुटलेल्या पेशीत आम्ही वरून घातलेला लाल रंग शिरतो. बाकीच्यांत तुरळक ठिपके होते, नऊमध्ये सगळं लालेलाल. नऊ म्हणजे मी. प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "एका वेळच्या निकालावरून काही ठरत नसतं, पुन्हा करून पाहू." खरंच आहे ते. विष बसायच्या त्या जागा कोणाच्या पेशींवर कमी असतात, कोणाच्या जास्त. पण माझं डोकं काही थांबेना. हे मला तुझ्याकडून आलं असेल तर? तुझ्या पेशीही अशाच असतील, तर माझ्या अंगठ्यांचा दोष नाही, मी सुटले. पण मग पोरगी अडकली. आणि तसं नसेल, तर पोरगी सुटली, आणि तुला मीच मारलं. सांग ना, यातलं काय मागू मी देवाजवळ?

आज सकाळी, डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासणीसाठी तिचं रक्त मीच घरी काढलं. दोन नळ्या भरल्या. "दोन काहून?" तिनं विचारलं. "लागतात," म्हटलं मी. पोटच्या पोरीशी खोटं बोलले. दुसरी नळी पर्समध्ये घालून इथं प्रयोगशाळेत आले. शनिवार आहे, सगळे दुपारीच घरी गेले. कूलर घरघरतो आहे. विष बाहेर काढून ठेवलं, काचपट्टी पुसली, रंग तयार केला. मग खुर्चीत बसले आणि वही ओढली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पाहून घे ना एकदाचं, काहून भेऊन राहिली?" तुझं काय जातं म्हणायला! त्या दिवशीही तूच म्हणाली होतीस. मी ऐकलं होतं तुझं, आणि त्याचं काय झालं ते तुला माहीतच नाही.

या पेशी शरीराबाहेर फार टिकत नाहीत. सकाळी काढलेलं रक्त दुपारपर्यंत वापरावं लागतं. नंतर त्या आपोआपच मरायला लागतात, मग विष घालूनही काही कळत नाही. आता साडेपाच वाजले आहेत. हे तुला सांगायचं म्हणून लिहिलं नाही गं माय. तेवढा वेळ निघून जावा म्हणून लिहीत बसले.