हेकरूंची खिंड

प्रिय ओबेद,

होनिआरातला तुझा पत्ता मिळवायला चर्चच्या बोटवाल्याच्या किती मिनतवाऱ्या कराव्या लागल्या म्हणून सांगू. पत्र फाडण्याआधी एकदा वाच. अमावास्या चार दिवसांवर आलीय आणि मी सकाळीच प्रवाळरांगेतल्या आपल्या खिंडीत बुडी मारून आलो. खाली नुसती वाळू. आपण पोरं होतो तेव्हा या दिवसांत प्रवाळाच्या त्या एकाच उतारावर शेकडो हेकरू जमायचे, अंड्यांनी पोट टच्च झालेल्या माद्या आणि एकमेकांचे ओठ फाडणारे नर. वर्षभर एकेकटे राहणारे मासे, पण लग्नघरी यावं तसे नेमके तिथेच. तुझे बाबा म्हणायचे, "म्हातारे वाट दाखवतात, पोरं मागून येतात. म्हाताऱ्यांना मारू नका रे." नऊ वर्षांत एकही फिरकलेला नाही. तरी पाण्याखाली कुणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटतं. भीती वाटते, पण गेल्यावाचून राहवत नाही.

जिवंत मासे टाक्यांत भरून नेणारं ते परदेशी जहाज. त्यांना गोडं पाणी तू पोचवायचास, म्हणून सगळं खापर तुझ्यावर फुटलं. खिंडीची जागा आपल्या दोन घराण्यांनी जपायची, तोंडातून काढायची नाही, अशी पिढ्यांची शपथ. सभेत प्रमुखाने मला विचारलं, "सिलास, तुझ्या तोंडून गेलं का?" बायबलवर हात ठेवून मी नाही म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं. जहाजावरचा एक जण मला हसला होता, "तुमचे मासे कुठे असतात ते तुम्हालाच ठाऊक नाही की रे." मला झोंबलं. बोललो काहीच नाही. आपण दिशा दाखवतो तशी नुसती हनुवटी उचलली, खिंडीकडे. तीन दिवसांत त्यांनी जागा धुऊन नेली. तुला गावाबाहेर काढलं तेव्हा मी किनाऱ्यावर मान खाली घालून उभा होतो.

तेव्हापासून दर रविवारी तुझी आई मला बोलावून नारळाच्या दुधातली मासळी वाढायची. "माझ्या ओबेदचा दोस्त तू, लाजतोस काय?" आणि मी खायचो.

काल चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून मी सांगून टाकलं. प्रमुखाने तुझी शिक्षा उठवली आणि मला दिली. शुक्रवारच्या बोटीने निघतोय, त्याचं दुःख नाही. बाहेर पडताना तुझी आई आडवी आली. वाटलं, थोबाडीत देईल. ती एवढंच म्हणाली, "नऊ वर्षं तुला जेवू घातलं रे मी." ओबेद, लवकर ये. ती कालपासून जेवलेली नाही.

तू म्हणू दिलंस तर तुझाच,
सिलास