सासऱ्यांचं पान

३ जून
सगळं पान ठळक! एकच ओळ ठळक करायची होती. ठळक करायची खूण, म्हणजे टॅग, बंद करायला विसरले, तर खाली पत्त्यापर्यंत अक्षरं जाडजूड! संपादक हसून म्हणाले, "बाई, उघडलं की मिटायचं, एवढंच लक्षात ठेवा."
इतकी वर्षं पेपरात निधनवार्ता टाईप केल्या, आता त्या वेबसाइटवर टाकायच्या. म्हणून हे एचटीएमएल, वेबपान लिहायची भाषा, शिकणं. या वयात!

५ जून
फोटो जमला! सराव म्हणून एका जुन्या निधनवार्तेची नक्कल घेतली आणि तिच्यात सासऱ्यांचं नाव नि फोटो घातला. दुसरा कुणाचा फोटोच हाताशी नव्हता — हा त्यांच्या पेन्शनच्या कामाला काढलेला. मधोमध घेतला, काळी चौकट, खाली आमचा पत्ता. इतकं सुबक झालं! मग जीभ चावली आणि फाइल ठेवून दिली.

६ जून
देवा! फाइल सरावाच्या फोल्डरऐवजी वेबसाइटच्या फोल्डरमध्ये ठेवली होती!
सकाळी बेल वाजली. दार सासऱ्यांनीच उघडलं. बाहेर त्यांचे जुने साहेब, हातात फुलं. साहेब मटकन पायरीवरच बसले! मागोमाग अख्खा जिना भरला. हे माझ्यावर ओरडले, "अगं, माझ्या बापाला जिवंतपणी मारलंस?"
सासरे मात्र खुशीत — "चहा टाक गं, माझ्या सांत्वनाला आलेत!"
संपादकांचा फोन. "पान काढलंय. पण लोकांनी ते कुठे कुठे पाठवलंय, ते कसं काढणार?"

७ जून
नोकरी राहिली! खुलाशाचं पान माझ्याकडूनच करून घेतलं. सासरे शेजारी खुर्ची ओढून बसले. "'हयात' ठळक कर. अजून मोठं!" केलं.

८ जून
दारात एक अनोळखी बाई. हातात प्रवासाची बॅग, डोळे सुजलेले. हनुवटी थेट ह्यांची!
"बाबांना शेवटचं बघायला..." एवढं बोलली आणि समोर सासऱ्यांना बघून थिजली. सासरे भिंत धरून उभे.
हे विचारतायत, "बाबा? कुणाचे बाबा?"
सासूबाई पुढे झाल्या. तिच्या हातातली बॅग घेतली.
"आत ये. तुझी आई बरी आहे ना?"